धंद्याचं कर्ज थकलं आणि बँक तारणावर आली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेड, जागा, राहतं घर किंवा यंत्रं तारण ठेवून घेतलेलं धंद्याचं कर्ज थकलं की लोक जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक लघुउद्योजक आणि त्यांचे जामीनदार. मध्येच एखादा भाडेकरू असतो, आणि हल्ली लिलावात बोली लावणारेही बरेच असतात. नोटीस हातात पडली असेल तर आधी प्रश्न ४ वाचा. लिलावाची जाहिरात छापून आली असेल तर थेट प्रश्न १४.

१. कोर्टात न जाता बँक माझी फॅक्टरी ताब्यात घेऊ शकते का?

घेऊ शकते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तो अधिकार दिला आहे. त्याआधी बँकेला दावा लावायचा, हुकूमनामा मिळवायचा आणि मग दरखास्त चालवायची, असं करावं लागायचं. त्यात वर्षं जायची. आता क्रम असा आहे: खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं, कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते, कलम १३(४) खाली ताबा घेतला जातो आणि मग लिलाव होतो. कर्ज बुडालं की नाही यावर निवाडा करायला कोर्ट मध्ये येतं ते तुम्ही नेलंत तरच. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात हा कायदा वैध ठरवला. दाद मागण्याआधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अट तेवढी रद्द केली. आज पैसे भरायची अट आहे ती अपिलाला (प्रश्न ७).

२. माझं कर्ज सहकारी बँकेचं आहे. भावाचं पतसंस्थेचं. दोघांना हेच लागू?

तुम्हाला हो, भावाला नाही. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. तो मिटला ५ मे २०२० ला, तोही आपल्याच मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सहकारी बँकाही या कायद्याखाली येतात. ‘आमची बँक सहकारी आहे, तिला हा अधिकारच नाही’ असा बचाव कुणी अजून सुचवत असेल तर त्याची फी वाचवा.

पतसंस्थेचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवायचा आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्री करायची. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण दाखल्यातली ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. विक्री झाली तर ३० दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदाराच्या रकमेवर ५ टक्के भरून ती रद्द करून घेता येते. सरफेसीत अशी सोय नाही.

फायनान्स कंपन्यांपैकी ज्यांची मालमत्ता १०० कोटी किंवा त्याहून जास्त आहे आणि ज्यांना अधिसूचनेने हा अधिकार दिला आहे, त्या कंपन्या २० लाख आणि त्यावरच्या कर्जाला सरफेसी वापरू शकतात.

३. तीन हप्ते चुकले की एनपीए, एवढंच ना?

मुदतकर्जाला थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की. कॅश क्रेडिटला (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचं खातं) हप्ता नसतो, तिथे लोक फसतात. खातं सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिलं, किंवा त्या काळात झालेला भरणा व्याजालाही पुरला नाही, तरी ते एनपीए होतं. स्टॉक स्टेटमेंट द्यायचं राहिलं की ड्रॉइंग पॉवर (मालाच्या हिशेबाने उचलता येणारी रक्कम) खाली येते आणि विक्री चांगली चालू असतानाही खातं मर्यादेच्या वर दिसायला लागतं. एकदा एनपीए झालेलं खातं एखादा हप्ता भरून सुधारत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते.

४. ६० दिवसांची नोटीस आली. आधी काय करू?

आधी पाकीट जपून ठेवा. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली यावर पुढे बरंच अवलंबून असतं आणि त्याचा पुरावा बहुतेकदा पाकिटावरच्या शिक्क्यात असतो. ‘घेतलीच नाही तर लागू होत नाही’ हा गैरसमज आहे. घेण्यास नकार दिल्याचा पोस्टाचा शेरा बँकेच्याच कामी येतो.

मग नोटीस नीट वाचा. एनपीएची तारीख, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलंय का, दंडव्याज किती लावलं, तारणाचं वर्णन तुमच्या गहाणखताशी जुळतं का, हे बघा. गट नंबर, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा यांत घोळ निघतात. गहाण न ठेवलेली शेजारची शेड यादीत घुसलेली असते. खातेउतारा मागवा आणि शेवटच्या वर्षाच्या नोंदी स्वतः जुळवा.

त्यानंतर लेखी उत्तर द्या. मॅनेजरला भेटून बोलणं म्हणजे उत्तर नव्हे. नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे, पोचपावती घेऊन, मुद्देवार हरकती लिहा. कलम १३(३ए) प्रमाणे बँकेने त्यांचा विचार करून, मान्य नसतील तर १५ दिवसांत कारणं कळवायची असतात. उत्तरात ‘दोन महिन्यांत सगळे पैसे भरतो’ एवढंच लिहिलंत तर हिशेबाचा वाद तुम्हीच सोडून दिल्यासारखा होतो. एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग असल्याचा मुद्दा असेल तर तोही इथेच मांडा (प्रश्न ९).

आणि यंत्रं हलवू नका. नोटिशीनंतर रोजच्या धंद्यातली विक्री सोडून तारणातली वस्तू बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकायला किंवा भाड्याने द्यायला कलम १३(१३) ची बंदी आहे. रातोरात माग उचलून पाहुण्याच्या शेडमध्ये नेले की दिवाणी वादाचं फौजदारी प्रकरण होतं.

५. बँकेने माझ्या हरकती फेटाळल्या. आता लगेच डीआरटीत (कर्ज वसुली न्यायाधिकरणात) जाऊ?

नाही. नुसत्या फेटाळण्यावर अर्ज चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलं आहे. बँक १३(४) ची कारवाई करेल तेव्हा दार उघडतं आणि तेव्हा हा मुद्दा मांडता येतो.

बँकेने उत्तरच दिलं नाही तर? उत्तर देणं बंधनकारक आहे. पण म्हणून सगळी कारवाई आपोआप पडत नाही. गोव्याच्या ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात कर्ज देणाऱ्या आयएफसीआयने हरकतींना रीतसर उत्तर दिलं नव्हतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कारवाई टिकवली, कारण कर्जदाराने मधल्या काळात वारंवार मुदत मागितली होती आणि मिळालेल्या मुदतीत पैसे भरले नव्हते. समुद्रकाठचं ते पंचतारांकित हॉटेल ५१५.४४ कोटींना आयटीसीकडे गेलं.

६. दारावर कागद चिकटवून, फोटो काढून गेले. कुलूप लावलं नाही. म्हणजे सुटलो ना?

उलट, घड्याळ आता सुरू झालं. याला सांकेतिक ताबा म्हणतात. कागद दारावर लावायचा आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत ताबा सूचना छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. शेड चालू राहते, कामगार येतात, त्यामुळे मालक निवांत होतो. पण डीआरटीत जाण्याची ४५ दिवसांची मुदत या तारखेपासून मोजली जाते. सांकेतिक ताब्यालाही आव्हान देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रत्यक्ष ताबा घ्यायला येतील तेव्हा बघू म्हणणाऱ्यांचे अर्ज मुदतीतच अडकतात.

७. डीआरटीत अर्ज कुठे आणि कसा? हायकोर्टात थेट गेलो तर?

कलम १७ खाली, ४५ दिवसांच्या आत. महाराष्ट्रात कर्ज वसुली न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. हा अर्ज थकबाकी २० लाखांच्या खाली असली तरी करता येतो. २० लाखांची अट आहे ती बँकेने लावायच्या मूळ वसुली अर्जाला, आणि या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. अर्ज दाखल केला म्हणजे कारवाई थांबली असं नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि स्थगिती देताना न्यायाधिकरण सहसा काही रक्कम भरायला सांगतं.

निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत अपिली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे कर्जदाराला ५० टक्के रक्कम भरावी लागते. ती २५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, त्याखाली नाही.

हायकोर्टाचं म्हणाल तर, न्यायाधिकरणाचा मार्ग उपलब्ध असताना रिट (हायकोर्टात थेट केलेली याचिका) ऐकू नये असं सर्वोच्च न्यायालय २०१० पासून बजावत आलं आहे. रिटमध्ये दोन-तीन तारखा मिळतात, तेवढ्यात ४५ दिवस उलटतात आणि मग ‘पर्यायी मार्ग वापरा’ असा आदेश हातात येतो.

८. तहसीलदार पोलीस घेऊन येणार आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं तर थांबेल?

बहुतेक नाही. कलम १४ खाली बँक जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे. त्यांनी कागद तपासून ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून फार तर ६० दिवसांत, ताब्याला मदत द्यायची असते. कर्ज बरोबर की चूक, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे पुन्हा सांगितलं. वकिलाला कोर्ट कमिशनर नेमून ताबा देणंही चालतं.

ताब्याच्या दिवशी भांडू नका, हजर राहा. पंचनाम्यात यंत्रं, कच्चा माल, तयार माल आणि कार्यालयातल्या वस्तू नोंदवल्या जातात. ‘जुनी यंत्रे ४ नग’ एवढंच लिहिलं असेल तर मेक आणि अनुक्रमांक लिहायला लावा आणि प्रत मागा. गिऱ्हाइकाचा जॉबवर्कचा माल, कामगारांचं सामान, तारणात नसलेले साचे हे वेगळे नोंदवून घ्या. पुढे ‘माल गायब झाला’ असा वाद आला तर तो या एका कागदावर ठरतो.

९. माझ्याकडे उद्यम नोंदणी आहे. एमएसएमईला संरक्षण आहे म्हणतात, ते कितपत खरं?

खरं आहे, पण मागावं लागतं. केंद्राच्या २९ मे २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे २५ कोटींपर्यंतची कर्जं असलेल्या आजारी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी बँकेत समिती असते. पुनर्रचना, वाढीव मुदत की वसुली, हे तिने ठरवायचं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्सच्या निकालात ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली. सोबत हेही सांगितलं की उद्योजकाने आपण एमएसएमई असल्याचे कागद वेळेत पुढे केले पाहिजेत. २०२५ च्या एका निकालाने, तोही मुंबईतल्या सहकारी बँकेचा, आणखी खुलासा केला: ६० दिवसांच्या नोटिशीला उत्तर देताना प्रतिज्ञापत्रासह हा मुद्दा मांडला, तर बँकेने तो आधी तपासला पाहिजे. लिलाव उरकल्यावर उद्यम प्रमाणपत्र दाखवून उपयोग नाही.

१०. सातबारावर जमीन शेतीचीच आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही ना?

शेतजमिनीला लागत नाही, कलम ३१(आय) तसंच सांगतं. पण नुसता सातबारा दाखवून भागत नाही. प्रत्यक्षात काय चाललं आहे ते बघतात. प्रश्न ५ मधल्या गोव्याच्या हॉटेलच्या काही जमिनीची नोंद शेतीची होती. तारण देताना ती हॉटेलसाठी म्हणून दिली होती आणि वाद झाल्यावर ‘शेतजमीन’ झाली. न्यायालयाने ते मानलं नाही. २०२३ मध्ये तर शेती चालू असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर टाकली गेली. पीकपाहणी, पिकांची विक्री, शेतसारा असे कागद लागतात. गटात गोडाऊन उभं असेल तर आशा सोडा.

या कलमात आणखी दोन सवलती आहेत आणि त्या लोक विसरतात: एक लाखापर्यंतच्या कर्जाचं तारण आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिलेलं खातं.

११. मी नुसता जामीनदार आहे. आधी कर्जदाराची मालमत्ता विकायला सांगू शकतो का?

सांगू शकता, बँकेने ऐकलंच पाहिजे असं नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कोणाला धरायचं हे बँक ठरवते. उचलल्या गेलेल्या कर्जाची जामीनकी पत्र पाठवून मागे घेता येत नाही. भाऊबंदकीत किंवा भिशीच्या ओळखीत सही करणाऱ्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं.

कर्जदार कंपनी दिवाळखोरीत, म्हणजे एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली, तर कंपनीच्या मालमत्तेवरची सरफेसी कारवाई थांबते. जामीनदाराच्या घरावरची थांबत नाही. कंपनीची योजना मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, असा २०२१ चा निकाल आहे. प्रोप्रायटरच्या धंद्याला कंपन्यांची ही प्रक्रिया लागूच होत नाही.

जमेची एकच बाजू: जामीनदाराने पैसे भरले तर बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क, तारणासकट, त्याच्याकडे येतात. त्यामुळे भरताना तसा उल्लेख असलेली पावती घ्या.

१२. जागा वडिलोपार्जित आहे. भावाने परस्पर गहाण ठेवली, माझी सही नाही.

तुम्ही कर्जदार नसलात तरी कलम १७ खाली अर्ज करू शकता, कारण दाद कोणत्याही बाधित व्यक्तीला मागता येते. एका सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्साच गहाण ठेवता येतो. भाऊ एकत्र कुटुंबाचा कर्ता असेल आणि कर्ज कुटुंबाच्या धंद्याला लागलं असेल, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. तुम्ही त्याच धंद्यातून घर चालवलंत का, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच.

कलम ३४ दिवाणी कोर्टाला या वादांपासून दूर ठेवतं, पण पूर्ण नाही. मालकीच वादात असेल, खरेदीखत आणि गहाणखत बेकायदा ठरवून हवं असेल, तर दिवाणी दावा चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सेंट्रल बँकेच्या प्रकरणात सांगितलं. मालकी ठरवणं हे न्यायाधिकरणाचं कामच नाही. तोपर्यंत लिलाव होऊ नये म्हणून तातडीचा मनाई अर्ज मात्र दाव्याबरोबरच करा.

१३. मी शेडमध्ये भाड्याने आहे. मालकाचं कर्ज थकलं. मला निघावं लागेल?

करार कधीचा आहे त्यावर ठरतं. गहाणाच्या आधीचा, नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर तुमची बाजू भक्कम. गहाणानंतरचा असेल तर तो कायद्याच्या चौकटीत किंवा बँकेच्या संमतीने झालेला हवा. तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या करारावर, २०१९ च्या निकालाप्रमाणे, वर्षाच्या पलीकडे टिकता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला भाडेकरूचं संरक्षण नाही. नोटिशीनंतर मागच्या तारखेचा करार तयार करून देणारे एजंट असतात. मुद्रांकाच्या तारखेवरून तो पहिल्याच सुनावणीत उघडा पडतो.

१४. पेपरात लिलावाची जाहिरात आली. आता सगळे पैसे भरले तर जागा सुटेल का?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो. २०१६ ची दुरुस्ती होण्याआधी विक्री पूर्ण होईपर्यंत गहाण सोडवता येत असे. आता कलम १३(८) म्हणतं की लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम आणि खर्च भरला तरच. त्यानंतर बँकेवर बंधन नाही.

हे किती कडक आहे ते मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात दिसलं. लिलावात सेलिर या खरेदीदाराने १०५.०५ कोटींची बोली लावून जागा घेतली. त्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने सोडवायला परवानगीही दिली. बँकेला २४ कोटी जास्त मिळत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं आणि जागा खरेदीदाराला दिली. लिलावावरचा विश्वास उडाला तर बोली लावायला कोणी येणार नाही, असा त्यामागचा विचार. कर्जदाराला हे क्रूर वाटतं. मलाही ही कालमर्यादा फार आखूड वाटते, पण आजचा कायदा हा आहे.

विक्रीची ३० दिवसांची नोटीस आणि पेपरातली जाहिरात एकाच सुमारास येऊ शकतात. म्हणून पैशाची जुळवाजुळव सांकेतिक ताब्याच्या वेळीच करायची. विक्रीची प्रक्रियाच नियमबाह्य असेल तर ती रद्द होऊ शकते, ते पुढच्या प्रश्नात.

१५. दोन कोटींची जागा सव्वा कोटीत काढली आहे. अडवता येईल?

‘बाजारभाव जास्त आहे’ एवढ्यावर नाही. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावर ठरते. तो अहवाल जुना आहे का, जागा न बघता केला का, ३० दिवसांची नोटीस मिळाली का, जाहिरात रीतसर झाली का, हे मुद्दे टिकतात. स्वतःचा मूल्यांकन अहवाल जोडा. जास्त भावाचा खरा खरेदीदार लेखी उभा केलात तर त्याहून उत्तम. राखीव किमतीच्या खाली विकायचं असेल तर तुमची संमती लागते, ती सही विचार करून द्या.

१६. एकरकमी परतफेडीचा अर्ज बँक नाकारू शकते?

हो. ओटीएस, म्हणजे अशी एकरकमी तडजोड, हा हक्क नाही, आणि कोर्टही बँकेला तसा आदेश देऊ शकत नाही, हे डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं आहे. अर्ज प्रलंबित आहे म्हणून ४५ दिवस थांबत नाहीत.

१७. लिलावानंतर पैसे उरले किंवा कमी पडले तर?

उरले तर खर्च आणि देणी वजा करून तुमचे, मागून घ्या, हिशेबासह. कमी पडले तर बँक उरलेल्या रकमेसाठी कलम १३(१०) खाली न्यायाधिकरणात जाते. सरकारी हमी योजनेतलं कर्ज असेल आणि बँकेला हमीचे पैसे मिळाले, तरी तुमचं देणं माफ होत नाही.

१८. मी लिलावात शेड घेतली. आता जीएसटी, पीएफ आणि वीज कंपनी सगळे दारात.

जाहिरातीत ‘जे आहे जेथे आहे, जसे आहे तसे’ छापलेलं असतं ते याच्यासाठी. तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

राज्याच्या कराबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की बँकेने आपला बोजा सेरसाईत (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) नोंदवला असेल तर तिचं देणं कराच्या आधी. त्यामुळे बोली लावण्याआधी सेरसाईचा शोध घ्या आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर कर विभागाचा बोजा कधी चढला ते बघा.

पीएफची गोष्ट कडक आहे. साखर कारखान्यांनी राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेच्या पोत्यांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कामगारांच्या पीएफला बँकेच्या आधी ठेवलं.

विजेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, नियमांत तशी तरतूद असेल तर, असं २०२३ चा निकाल सांगतो. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर हस्तांतर शुल्काचा आकडा आधीच महामंडळाकडून लेखी घ्या.

१९. बोली लागली, २५ टक्के भरले, बाकीचं कर्ज मंजूर झालं नाही. पैसे परत मिळतील?

नाही धरून चाला. २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले १५ दिवसांत. लेखी संमतीने मुदत फार तर तीन महिन्यांपर्यंत वाढते. चुकलं तर भरलेले पैसे जप्त. पुढच्या लिलावात बँकेला जास्त भाव आला तरीही जप्ती टिकते, असं २०२४ मध्ये ठरलं आहे.

२०. सगळं फेडलं. मूळ खरेदीखत बँक देत नाही.

१ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, परिपत्रकाच्या शीर्षकाप्रमाणे तो वैयक्तिक कर्जांसाठीचा: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत आणि बोजा कमी. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. लेखी मागणी करा, तारीख टाकून. बोजा कमी केल्याचं पत्र तलाठ्याकडे तुम्हालाच द्यावं लागलं तर फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर पुढच्या कर्जाच्या वेळी तोच बोजा पुन्हा समोर येतो.